रुखवतात राहिलेलं हॉटेल

संत तुकाराम नगर, पिंपरी
शनिवार, दुपार

प्रिय गौहर,

हे पत्र लग्नपत्रिकेच्या पाठीवर आहे, म्हणून आधीच सांगते, पुढची बाजू वाचू नकोस. तिथं मुहूर्त सकाळचा छापलाय, खरा संध्याकाळी सहा पस्तीसचा आहे. छापणाऱ्यानं घोळ घातला आणि शंभर पत्रिका वाया गेल्या. सून म्हणाली रद्दीत घालू. मी म्हटलं राहू दे, एवढा गुळगुळीत कागद, पाठ कोरी आहे, कशाला तरी होईल. आता तुला लिहायला झाला. किती पत्रिका लागतील ते मात्र सांगता येत नाही. मी दुसरी पास, तू प्रौढवर्गातली, थोडक्यात लिहायचं आपल्याला कुणी शिकवलंच नाही. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू नुसतं हां हां करशील आणि लेकाच्या, आमिरच्या हातात देशील. कागद कुणाच्या हातात देता येत नाही, तो आपला आपल्यालाच वाचावा लागतो.

आनंदाची गोष्ट आधी. आपल्या दिपालीचं लग्न ठरलं. ‘आपल्या’ लिहून गेले, आता खोडत नाही, तुझ्याच मांडीवर बसून ती चहात पाव बुडवायला शिकली. मुलगा ज्ञानेश, लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत मालाची तपासणी करतो. दिपाली हिंजवडीला कॉम्प्युटरवर चित्रं काढते, बिस्किटाच्या पुड्यांवरची, तेलाच्या डब्यांवरची. दोघांची ओळख वाकडला डोशाच्या गाडीपुढं झाली. ह्याचा डोसा चुकून हिच्या हातात आला, हिनं तो अर्धा खाल्ला आणि मग विचारलं, हा तुमचा होता का. लग्न जुळायची ह्याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही. आपल्या वेळी पोह्यांच्या बश्या वाटायच्या आणि आपल्या वाट्याला घास नाही. पोरगा पानात काही टाकत नाही, मी एवढंच बघितलं आणि हो म्हटलं. इतकी खूश आहे गं मी. पण दमलेय. चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. घरात बस्त्याचे गठ्ठे, दाराशी चपलांचा ढीग, फोन वाजतोय, कुकर वाजतोय, आणि माझे गुडघे त्या दोघांच्या वर. सकाळी डोळा उघडतो तेव्हाच वाटतं की संध्याकाळ झाली.

त्यात रुखवत. दिपालीनं अट घातली की रुखवत आजीच करणार, पण विहीर नको, तुळशीवृंदावन नको, बैलगाडी तर मुळीच नको. म्हणाली, आजी, आपण गुरुवारी जिथं जिथं खाल्लं ती सगळी हॉटेलं कर, कणकेची. मी आनंदाच्या भरात हो म्हणून बसले. दहा ठरली. नऊ झालीत, माझ्या पलंगाखाली ताटांत झाकून ठेवलीत. दहावं तुमचं, कंपनीच्या फाटकासमोरचं. लग्नाला सोळा दिवस राहिलेत आणि ते काही माझ्या हातून होत नाही. तीन वेळा केलं, तीन वेळा गेलं. तेवढ्यासाठीच लिहायला बसलेय, असं समज.

गुरुवारचं दिपालीला फार कौतुक आहे. तिच्या ऑफिसला शनिवार रविवार सुट्टी, तिला वाटतं सगळ्या जगाला तशीच असते. मी तिला सांगितलं, बाई, आपल्या एमआयडीसीला गुरुवारी वीज बंद असायची म्हणून कंपनीला गुरुवारी सुट्टी, आणि तुझ्या आजोबांचा रविवार आयुष्यभर गुरुवारीच आला. पाहुणे रविवारी यायचे तेव्हा हे कामावर, आणि हे घरी तेव्हा पोरं शाळेत. म्हणून संध्याकाळी पोरं आली की ह्यांनी शर्टाची बाही दुमडायची आणि म्हणायचं, चला, चूल आज सुट्टीवर. कधी कासारवाडीच्या फाटकाजवळची मिसळ, कधी निगडीच्या चौकात भजी. पण कुठंही गेलो तरी शेवटी तुमच्याकडं चहा, आणि महिन्यातून दोनदा तरी तुमच्याकडंच जेवण. तुझे नूरभाई बाकीचे दिवस खिमा-पाव करायचे. गुरुवारी अर्धी कंपनी दत्ताचा वार पाळते हे ओळखून त्यांनी अख्ख्या मसुराचं निराळं पातेलं काढलं, निराळा डाव काढला आणि पातेल्याच्या कानाला पांढरी चिंधी बांधली, चुकून अदलाबदल नको म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. ह्यांनी एकदा विचारलं, नूरभाई, एवढी यातायात कशाला, तर म्हणाले, रंगराव, तुमचा देव माझ्यामुळं उपाशी नको जायला. त्या मसुरासाठी लोक भोसरीहून सायकलवर यायचे. तू आत परातीत कांदा चिरत बसायचीस आणि मला आवाज द्यायचीस, सुभद्रे, बाहेर काय बसतीस पाहुणीसारखी, ये की आत.

तर ती हॉटेलं बघायला दिपालीनं मला पुन्हा सगळीकडं फिरवलं. मी म्हटलं होतं की मला आठवतात. ती म्हणाली, आठवतं ते वेगळं आणि असतं ते वेगळं, चल. मग रविवारी रविवारी कॅब बोलवायची आणि आम्ही दोघी निघायचो. कासारवाडीची मिसळ आहे अजून, पण आता तिथं बाक गेले, उंच स्टुलं आली, मला चढवायला दोन वेटर लागले. चढल्यावर म्हटलं, आता उतरणार नाही, अजून एक पाव आणा. निगडीची भजीवाली रुक्मिणीबाई तिथंच आहे, तिनं मला ओळखलं आणि दातच नाहीत आता म्हणून हसली, मी पण माझे नसलेले दाखवले. दिपाली मला नवीन ठिकाणी पण नेते. माणच्या रस्त्यावर एका काचेच्या हॉटेलात कागदावर खाण्याची नावंच नव्हती, नुसती काळी काळी चौकोनी नक्षी. मी म्हटलं छान आहे, पण भाव कुठंय. तिनं फोन धरला तेव्हा सगळी नावं उमटली. तिथला मोमो खाल्ला. आपल्या उकडीच्या मोदकाला तिखट लागलं तर जसा होईल तसा, वाईट नाही. सगळीकडं पोट भरून खाल्लं आणि सगळीकडून घरी येताना वाटलं की आपण कुणाच्या तरी मयताला जाऊन आलो. का ते कळेना. मिसळ तीच होती, मीच तिथं नव्हते.

कामाचं म्हणशील तर दिपालीचा आणि माझा रोज वाद. ती मला विचारते, आजी, तुझा प्लॅन काय, आधी कागदावर काढ ना. मी कागदावर काय काढणार. माझी आई म्हणायची, पहिली चिमूट ठेव आणि गप्प बस, दुसरी कुठं ठेवायची ते पहिलीच सांगते. तुला आठवतं, आपण दोघी कॉलनीतल्या लग्नांची रुखवतं करायचो तेव्हा तूही हेच म्हणायचीस, उगाच घाई करू नको, कणकेला बसू दे, आपण चहा पिऊन येऊ. काम अडलं की हात धुवायचे, उठायचं आणि पोटात काहीतरी ढकलून यायचं. परत आलं की कणकेनं आपलं आपण काहीतरी ठरवलेलं असतं. मिसळीच्या हॉटेलाचं छप्पर मला जमत नव्हतं, चार दिवस. पाचव्या दिवशी पापड तळताना एक पापड दुमडला आणि तेच छप्पर. भजीवालीची कढई वेलदोड्याच्या सालाची झाली, तेलाला करडईचा एक थेंब. विजेच्या तारा शेवयांच्या. दिपाली आता ऑफिसातून येते आणि आधी पलंगाखाली वाकून बघते. परवा म्हणाली, माझे साहेब रोज विचारतात कधी होणार, तुला कुणी विचारत नाही म्हणून तुझं होतं. मी म्हटलं, मला पण विचारतात, मी ऐकू येत नाही असं दाखवते. त्या दिवसापासून ती पण अडलं की उठते आणि खाली जाऊन भेळ खाऊन येते. तिच्या साहेबांना आवडत असेल की नाही कोण जाणे.

पण तुमचं हॉटेल. ते म्हणजे खरं तर सगळ्यांत सोपं. पत्र्याची शेड, तीन बाक, एक गल्ला, भिंतीवर घड्याळ. मी सगळ्यांत आधी तेच करायला घेतलं होतं. पहिल्या खेपेला दोन दिवसांत मुंग्या. ताट धुऊन पुन्हा केलं, पुन्हा मुंग्या, नूरभाईंचं डोकं घेऊन चालल्या रांगेनं. तिसऱ्या खेपेला बुरशी धरली. सूनबाईनं विचारलं, आई, बाकीच्या ताटांना काही होत नाही, ह्यालाच कसं काय. मग मी विचार करत बसले आणि माझ्या ध्यानात आलं की तिन्ही वेळा मी कणकेत मीठच घातलं नव्हतं. मीठ घातल्याशिवाय रुखवताची कणीक टिकत नाही हे मी पन्नास बायकांना शिकवलंय. आठ वर्षांची असल्यापासून करतेय. नऊ ताटांना मूठ मूठ मीठ घातलं आणि तुमचं करायला बसले की हात डब्यापाशी जातो आणि तसाच मागं येतो. मला कळतही नाही.

तुला कळलं असेल मी कशाबद्दल लिहितेय. अकरा वर्षं झाली, आपण दोघी त्याचं नाव काढत नाही.

तुझ्या आरफाच्या लग्नाला रुखवत तिनंच मागितलं होतं. इथंच वाढलेली पोर, कॉलनीतल्या सगळ्या मुलींच्या लग्नात मांडलेलं बघितलेलं, म्हणाली, मावशी, मला पण पाहिजे. तू पण म्हणालीस, कर गं, तिची हौस. तू स्वतः माझ्याबरोबर बसलीस. कपबश्या सगळ्या तुझ्या हातच्या, मोहरीएवढ्या, मी अजून तसे कान कपाला लावू शकत नाही. त्याच दिवसांत कधीतरी जिन्याच्या पायरीवर बसून तू मला मंगनीची गंमत सांगितलीस. की आरफाच्या होणाऱ्या सासूनं तुमचा दालचा तोंडात घातला आणि तीन वेळा मीठ मागितलं, आणि चौथ्या वेळी ताट बाजूला सारलं, आणि नूरभाई घाबरून अख्खी बरणीच घेऊन गेले. तू नक्कल करून दाखवलीस. आपण हसून हसून पायरीवर आडव्या झालो. तू म्हणालीस, कुणाला सांगू नको. मी म्हटलं, मी कुणाला सांगणार.

सांगितलं नाही मी. करून दाखवलं. आमच्यात रुखवतात विहिणीला चिमटा काढतात, नाही काढला तर ती रुसते, म्हणते आमची काही किंमतच नाही. काढला की ती उलटून दोन काढते आणि मग दोघी एका ताटात जेवतात. माझ्या आईनं माझ्या सासूला कणकेचं मांजर करून दिलं होतं, तोंडाला लोणी लावलेलं, आणि सासूनं ते मरेपर्यंत देवळीत जपून ठेवलं. मला वाटलं सगळीकडं असंच असतं. मी एक बाई केली, ठसठशीत, हिरव्या साडीची, मिठाच्या गोणीला टेकून बसलेली, हातात चमचा. गोणीत खरं मीठ भरलं. मांडली शेवटच्या ताटात. कॉलनीतल्या बायका फुटल्या हसून. ती नगरकडची माणसं, त्यांना काय माहीत. आरफाची सासू हसली नाही. वाकून बघितलं आणि हळू आवाजात एवढंच विचारलं, घरातली गोष्ट बाहेर कुणी नेली. मी तुझ्याकडं बघितलं. तू पानाचं तबक आवरत होतीस. मी पण ताटं झाकायला वाकले. लग्न लागलं, पोर गेली.

त्यानंतर तू गुरुवारी मला आत हाक मारली नाहीस. भांडली असतीस तर बरं होतं, भांडणाला उत्तर देता येतं. चहा यायचा, मसूर यायचा, नूरभाई वहिनी वहिनी करायचे, आणि तू पाठमोरी. पुढं आरफाचं कानावर यायला लागलं. सासरी कालवणात मीठ कमी झालं तरी त्या गोणीचा टोमणा, जास्त झालं तरी गोण, पाहुण्यांसमोर पण गोण. मी एकटीनं त्या पोरीच्या संसारात मिठाचा खडा टाकला असं मी धरून चालले. मग आम्ही पण यायचे बंद झालो. ह्यांना मी सांगितलं, मसूर पचत नाही आता. ते माझ्याकडं बघायचे आणि दुमडलेली बाही पुन्हा खाली सोडायचे. मग मेट्रोच्या कामात तुमची शेड गेली, तुम्ही चाकणला आमिरकडं गेलात, ते पण मला पेपरवाल्याकडून कळलं. आणि हे गेले तेव्हा दाराशी डबा आला. कोण ठेवून गेलं कुणी बघितलं नाही, आमिर असणार. सुतकात चूल नाही, आजूबाजूच्या घरांतून चारपाच डबे आले होते. पण त्या फडक्याची गाठ मी ओळखली. एवढी छोटी आणि घट्ट गाठ बोटांत दुसऱ्या कुणाच्या नाही. आत मसूर होता. गुरुवार पण होता तो. मीठ अगदी बरोबर होतं, गौहर.

आता तीन आठवड्यांपूर्वीचं. मी दिपालीला म्हटलं, तुमच्या हॉटेलातल्या गल्ल्यामागच्या फळीवर काय असायचं ते मला आठवत नाही. सगळं आठवतं आणि फळी रिकामी. ती म्हणाली, त्यात काय, आमिरकाकांचं हॉटेल फोनवर दिसतंय, जाऊ. मी नाही म्हटलं. दोन दिवस नाही म्हटलं. गुरुवारी तिनं सुट्टी टाकली आणि कॅब दारात आणून उभी केली. भोसरीपासून मोशीपर्यंत मी रस्ताभर ट्रकच मोजत होते, उतरून परत कसं जाता येईल ह्याचा विचार करत. आमिरनं छान केलंय. पंखे, फरशी, कामगारांना हात धुवायला सहा नळ. नूरभाई गल्ल्यावर, कान गेलेत त्यांचे. मी म्हटलं, ओळखलं का, तर म्हणाले, व्हय, व्हय, दोन चहा. आरफानं मला ओळखलं. माहेरी आलेली, भट्टीपाशी होती, मोठी बाई झालीय, चष्मा लागलाय. दोन ताटं घेऊन आली, अख्खा मसूर आणि पाव. ठेवली. आत गेली आणि परत आली, आणि माझ्या ताटाशेजारी बशीतून मीठ ठेवलं. म्हणाली, मावशी, लागलं तर घ्या.

मी पाव तसाच ताटात ठेवला. दिपाली विचारत होती काय झालं, तिखट आहे का. मी वर बघितलं तर आरफाचे खांदे हलत होते, मला वाटलं रडतेय. हसत होती. चष्मा काढून डोळे पुसत हसत होती. म्हणाली, खा हो, अकरा वर्षं झाली, मीठ पण शिळं होतं. मग कॅबपर्यंत सोडायला आली. म्हणाली, सासूचं म्हणाल तर तिला बोलायला काहीतरी लागायचंच, गोण नसती तर दुसरं काहीतरी असतं. शेवटी डॉक्टरनं तिचं मीठच तोडलं, दोन वर्षं अळणी जेवली, आणि फक्त माझ्याच हातचं जेवायची. जाऊन दोन वर्षं झाली तिला. आणि मग तिनं ते दुसरं सांगितलं, जे मला माहीत नव्हतं.

गौहर, मी ताटावर बसले होते तेव्हा आतल्या दाराचा पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. खाली तुझे पाय दिसत होते. डाव्या पायाची करंगळी वर चढलेली, तशी. मी मसूर संपेपर्यंत ते पाय हलले नाहीत. मला वाटलं अजून रागावलीय. बाहेर आल्यावर आरफानं सांगितलं, अम्मी रागावलेली नाही, मावशी, अम्मीला तोंड दाखवायची हिंमत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं तुला बसवून विचारलं, ती बाई तुमची कोण, आणि तिला घरातलं कसं कळलं. आणि तू म्हणालीस, कोण नाही, हॉटेलात येणारं गिऱ्हाईक, एवढीच ओळख, कान लावून ऐकलं असेल, पुन्हा तिला आत पायरी चढू देणार नाही. जबान दिलीस आणि पाळलीस. तर हे सगळं रुखवत, मुंग्या, फळी मी लिहीत बसले ते फक्त हे सांगायला, की तू बरोबर बोललीस. नुसतं बरोबर नाही, तू आईसारखं बोललीस. पोर त्यांच्या दारात उभी होती, तिथं मला तोडून तिला वाचवायचं नाही तर काय करायचं. माझ्या पोरीसाठी मी तुला चारदा तोडलं असतं आणि वर शिव्या दिल्या असत्या. अकरा वर्षं मला वाटत होतं मी तुझं काहीतरी मोडलं, आणि तुला वाटत होतं तू माझं मोडलंस, आणि दोघी दोन दारांआड बसून एकच मीठ चघळत होतो. आता दमले गं. एवढं ओझं घेऊन रुखवत होत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, लग्नानंतर ऑपरेशन आहे, हे बहुतेक माझ्या हातचं शेवटचंच. दहावं ताट मी मोकळं ठेवलंय. त्या ताटाच्या कडेला, कौशल्याबाई म्हणजे ज्ञानेशची आई, तिच्यासाठी पण काहीतरी चिमटा करायचाय. दोनदा फोन करून झाला तिचा, माझ्यासाठी काही केलंत की नाही, आणि मी घाबरून विषय बदलते. तूच ठरव काय करायचं ते. येत्या गुरुवारी आमिरला सांग, सकाळी आणून सोड. घरात माणसं आहेत, चपला खूप दिसतील, लाजू नको, सरळ आत ये, बाहेर पाहुणीसारखी बसू नको. फळीवर काय होतं ते तुझ्याच हातानं लाव, आणि कपांचे कान पण. कणीक मी मळून ठेवते. मीठ तू घाल.

तुझंच जुनं गिऱ्हाईक,
सुभद्रा